नीरेकाठचा बुरांश

पुण्यात कुणाला 'मी सांगवीचा' असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "जुनी का नवी?" आमची सांगवी ती नव्हे. आमची बारामती तालुक्यातली, बारामतीहून फलटणला निघालं की नीरा ओलांडायच्या आधी लागते ती. नदीपल्याड सातारा जिल्हा. वरच्या अंगाला डावा कॅनॉल, खालच्या अंगाला नदी आणि मधल्या पट्ट्यात ऊस, ऊस आणि ऊस. या पट्ट्यात, आमच्या घरापुढच्या अंगणात, माझ्या वहिनींनी तीन वर्षांपूर्वी बुरांश लावला.

बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन. उत्तराखंडचा राज्यवृक्ष आणि नेपाळचं राष्ट्रीय फूल. नेपाळात त्याला लालीगुराँस म्हणतात. हिमालयात साधारण दीड हजार मीटरच्या वर तो दिसायला लागतो. बाराही महिने हिरवा. पान आंब्यासारखं लांबट पण जाड, वरून गर्द हिरवं आणि खालून रुपेरी. फांदीच्या टोकाला दहा-वीस फुलांचा मुठीएवढा गुच्छ, रंग रक्तासारखा लाल. झाड वाढायला फार वेळ घेतं, पण वाढतं ते खरोखरीचं झाड होतं, झुडूप राहत नाही. नागालँडमध्ये कोहिमाजवळच्या जाप्फू डोंगरावरचा एक वृक्ष शंभर फुटांहून उंच आहे. जगातला सर्वांत उंच ऱ्होडोडेंड्रॉन म्हणून १९९३ साली गिनेस बुकात त्याची नोंद झाली.

वहिनी गावातल्या बायकांबरोबर हरिद्वार-ऋषिकेशला गेल्या होत्या. चैत्राचे दिवस. तिथून चोपत्याच्या बाजूला वर गेल्यावर अख्खा डोंगर लाल दिसला. "मला आधी वाटलं, पळस फुललाय," वहिनी सांगतात. "मग बघितलं तर पानं जागच्या जागी. पळसाला फूल येतं तेव्हा तो नागडा असतो. ह्याला पानंही होती आणि फुलंही." एवढ्या एका निरीक्षणावर मी वहिनींना वनस्पतिशास्त्राचे निम्मे गुण देऊन टाकले. कुठंही गेलं तरी पळसाला पानं तीनच, असं आपण म्हणतो खरं; पण झाडांच्या बाबतीत ही म्हण फार दिशाभूल करते. कुठं गेलो यावरच सगळं असतं.

तिथं त्यांनी बुरांशाचं सरबत प्यायलं, दोन बाटल्या घेतल्या आणि रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेतून वीतभर रोपही घेतलं. परतीच्या रेल्वेत ते त्यांच्या मांडीवर होतं. बाटलीच्या झाकणाने पाणी घालत त्यांनी ते सांगवीपर्यंत जिवंत आणलं, ऐन वैशाखात. उन्हाळाभर मोरीच्या भिंतीच्या सावलीला ठेवलं आणि मृगाचा पाऊस झाल्यावर दादाने खड्डा घेतला.

त्या खड्ड्याबद्दल सांगायलाच हवं, कारण तो अतिशय चांगला खड्डा होता. तीन बाय तीन बाय तीन फूट. उन्हात तापवलेला. तळाला पालापाचोळा, मग दोन पाट्या मुरलेलं शेणखत, निंबोळी पेंड, मूठभर सुपर फॉस्फेट आणि वर आपली काळी माती. रोप जरा खोल बसवून बुंध्याशी माती पायाने दाबून घेतली आणि गोल आळं केलं. असा खड्डा आंब्याला मिळाला असता तर आंब्याने दुवा दिला असता.

पहिला पावसाळा छान गेला. चार नवी पानं आली, ताठ आणि हिरवीगार. वहिनींनी मोबाइलवर फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. दिवाळी झाली, पाऊस थांबला आणि विहिरीचं पाणी सुरू झालं. कार्तिकात निघालेली पानं पिवळी निघाली. पिवळी म्हणजे वाळलेली नव्हे; पानाचा पडदा पिवळट पांढरा आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. दादाने लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, "केवडा पडलाय."

उसाच्या मुलखात हा शब्द पोरासोरांना ठाऊक असतो. खोडव्याची कोवळी पानं केवड्याच्या पातीसारखी पिवळी-पांढरी होतात, म्हणून तो केवडा. तो रोग नव्हे, उपासमार आहे. जमिनीत लोह नसतं असं नाही. आमची काळी माती बेसाल्टच्या खडकापासून झालेली, तिच्यात लोह भरपूर. पण चुनखडीच्या जमिनीत ते अशा रूपात अडकून बसतं की मुळांना घेता येत नाही. भरल्या कणगीला कुलूप लागावं तसं. उसावर उपाय ठरलेला: हिराकसाची फवारणी. दादाने बुरांशावरही ती केली. जिथं जिथं थेंब पडले तिथं तिथं हिरवे ठिपके उमटले आणि बाकीचं पान पिवळंच राहिलं. पौषात पानांच्या कडा करपल्या. शिमग्याला, म्हणजे वर हिमालयात बुरांश फुलायच्या ऐन दिवसांत, आमचा बुरांश काडी होऊन उभा होता.

वहिनींनी ते मनाला लावून घेतलं. "माझ्या हाताला गुण नाही, असं कधी झालं नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. हे खरंच आहे. त्यांच्या हातची जाई-जुई, कढीपत्ता, लिंबू, शेवगा गावात नावाजलेली आहेत. म्हणून मी खड्ड्यातली माती पिशवीत भरली आणि बारामतीला माती परीक्षणाला दिली. उसाच्या रानाची माती आम्ही नेहमीच तपासतो. अंगणाची कधी कुणी तपासली नव्हती.

अहवाल आला: सामू ८.४, मुक्त चुना ११ टक्के. तिथल्या साहेबांनी कागद पाहून विचारलं, "ऊस का द्राक्ष?" मी म्हटलं, ऱ्होडोडेंड्रॉन. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि चहा मागवला.

सामूचं गणित शाळेत शिकलेलं असतं, पण अंगाला लागलेलं नसतं. सात म्हणजे ना आंबट ना खारं. त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. बुरांशाला साडेचार ते सहाच्या दरम्यानची माती लागते. आमच्या मातीचा आकडा ८.४. साडेपाचच्या आसपास धरलं तरी फरक तीनाचा, आणि यातला प्रत्येक एक म्हणजे दहा पट. म्हणजे बुरांशाला हवी त्याच्या हजाराव्या हिश्शाएवढी आम्लता आमच्या अंगणात होती. वहिनींना हे आकड्यांत सांगून पटेना, तेव्हा मी खड्ड्यातून निघालेला एक पांढरा चुनखडा घेतला आणि त्यावर लिंबू पिळलं. तो फसफसला. खाण्याच्या सोड्यासारखा फेस आला. "अगं बाई," वहिनी म्हणाल्या. मग स्वयंपाकघरातून त्यांनी आणखी एक लिंबू आणलं आणि अंगणात चार ठिकाणी पिळून पाहिलं. चारही ठिकाणी फेस.

दादाचं म्हणणं, मग गंधक टाकू की. शेतकऱ्याला प्रत्येक दुखण्यावर एक पोतं ठाऊक असतं. म्हणून तोही हिशेब मांडला. तीन फुटांच्या चौकोनी खड्ड्यात साधारण एक टन माती बसते. तिच्यात अकरा टक्के चुना म्हणजे एकशे दहा किलो. शंभर किलो चुना मारायला बत्तीस किलो गंधक लागतं, तेव्हा या एका खड्ड्याला पस्तीस किलो. तेही मातीतले जिवाणू सवडीने त्याचं आम्ल करणार, महिने नव्हे, वर्षं लागणार. बरं, तेवढं करूनही भागत नाही. आमच्या विहिरीचं पाणी कसं आहे हे न्हाणीतल्या बंबाला विचारावं. वर्षभरात आत पांढरा थर धरतो. लिटरला तीनशे मिलिग्रॅम चुना धरला आणि झाडाला दर चार दिवसांनी वीस लिटर पाणी दिलं तर वर्षाला अर्धा किलोच्या वर चुना आपण स्वतःच्या हाताने ओततो. पहिल्या पावसाळ्यात रोप हिरवं राहिलं त्याचं कारण आता कळलं. तेव्हा ते आभाळाचं पाणी पीत होतं. वहिनींच्या हाताला गुण होता; विहिरीला नव्हता.

आणि तो खड्डा? तोच मुळात चुकला होता. बुरांशाची मुळं केसासारखी बारीक, वरच्या वीतभर थरात चटईसारखी पसरणारी. आपल्याकडच्या बहुतेक झाडांना असतात तसे मूळरोम त्यांना नसतात. ते काम एक बुरशी करते. ती मुळांच्या पेशींत राहते आणि कुजत्या पालापाचोळ्यातून नत्र ओढून झाडाला देते. म्हणून हे झाड खोल लावायचं नसतं, उलट जमिनीच्या जरा वरच, पानांच्या कुजीच्या ढिगात बसवायचं. बुंध्याशी खणायचं नाही, खुरपायचं नाही, माती पायाने दाबायची तर मुळीच नाही. आम्ही एकूण एक गोष्ट आंब्याच्या शास्त्राप्रमाणे केली. सुपर फॉस्फेटमधूनही कॅल्शियमच घातलं, ते वेगळंच.

इथपर्यंत ही एका मेलेल्या रोपाची गोष्ट आहे आणि इथं ती संपायला हरकत नव्हती. पण त्या चहाच्या वेळी प्रयोगशाळेतल्या साहेबांनी एक नाव सांगितलं आणि मी भलत्याच वाटेला लागलो.

१९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने एक पुस्तिका काढली: 'द सॉल्ट लँड्स ऑफ द नीरा व्हॅली', म्हणजे नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनी. लेखक हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर भाटघरचं धरण आणि नीरेचा डावा कॅनॉल झाला, पुरंदर, बारामती, इंदापूरच्या कोरड्या माळाला पाणी मिळालं. पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात ऊस उभा राहिला. आणि पंचवीसेक वर्षांतच ओढ्याकाठच्या, सखल काळ्या रानांवर पांढरं फुटायला लागलं. पाणी वर आलं, त्याबरोबर मातीतले क्षार वर आले. पाणी उन्हाने उडालं, क्षार राहिले. आम्ही ज्याला चोपण म्हणतो, क्षारपड म्हणतो, त्याचा एक सुरुवातीचा नीट अभ्यास आमच्या या खोऱ्यावर झाला. पाणी द्यायच्या आधी त्याला बाहेर जायची वाट करावी लागते, हा धडा इथल्या रानांनी शंभर वर्षांपूर्वीच लिहून दिला होता. तो वाचायला आम्हाला फार उशीर लागला. अजूनही चर काढायचं म्हटलं की बांधावरून भांडणं होतात.

आता यातली गंमत. मॅनसाहेब १९०७ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याआधी १९०० पासून ते कुठं होते? आसामात, चहावाल्यांच्या संघटनेचे शास्त्रज्ञ म्हणून. चहा म्हणजे बुरांशाच्याच चवीचं झाड: आंबट माती, भरपूर पाऊस आणि पाण्याचा निचरा. चुना दिसला की चहाही पिवळा पडतो. सात वर्षं आंबट मातीत घालवलेला माणूस उतरला तो थेट नीरेच्या खाऱ्या रानात. त्याच्या हाताखाली दोन्ही टोकांच्या माती गेल्या होत्या. वहिनींच्या रोपाने रेल्वेत बसून जो प्रवास केला, तोच या माणसाने आगबोटीने आणि आगगाडीने केला होता. फरक एवढाच की तो जगला आणि ताम्हण्यांबरोबर त्याने आमच्या मातीचं दुखणं लिहून ठेवलं. जाता जाता सांगतो, याच मॅनने १९१७ साली एका दख्खनी खेड्यातल्या जमिनी आणि मजुरीचा अभ्यास छापला. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर, त्या दुसऱ्या सांगवीच्या शेजारचं. तिथं आता माती दिसतच नाही, तेव्हा सामूचा प्रश्न मिटला.

पुढे १९३२ साली नदीपल्याड पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं. तिथल्या बसू आणि सिरूर यांनी १९३८ मध्ये दख्खनच्या कॅनॉलखालच्या मातींची वर्गवारी छापली. आमच्याकडे सर्वत्र दिसणारा 'को ८६०३२' हा ऊस मूळचा कोइमतूरचा; पण इकडचं त्याचं नाव 'नीरा'. आता बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९ पासून अजैविक ताणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. अजैविक ताण म्हणजे काय, तर दुष्काळ, खारटपणा, ऊन, मुरमाड जमीन. रोगकिडीखेरीज झाडाला जे जे छळतं ते सगळं. म्हणजे नीरेच्या दोन्ही काठांवर शंभर वर्षांहून अधिक काळ हुशार माणसं एकाच गोष्टीवर डोकं खपवतायत: या मातीत झाड जगवायचं कसं. आणि आमच्या वहिनींनी नेमकं ते झाड आणलं, ज्याला यातली एकही गोष्ट सोसत नाही. अजैविक ताण मोजायचं यंत्र म्हणूनच जर कुणी झाड निवडायचं ठरवलं असतं तर त्याने बुरांशच निवडला असता.

मग महाराष्ट्रात बुरांश कुठंच नाही का? रानातला नाही. हिमालय सोडला की हे झाड थेट दक्षिणेत भेटतं, निलगिरी, अनैमलै, पळणीच्या माथ्यांवर. ती त्याच बुरांशाची दक्षिणी उपजाती. मधे जवळजवळ दोन हजार किलोमीटरची रिकामी जागा. हे कसं झालं, यावर शास्त्रज्ञ पुष्कळ भांडले आहेत. सुंदरलाल होरा या माशांच्या अभ्यासकाने १९४९ च्या सुमारास कल्पना मांडली की हिमालयातले जीव सातपुड्याच्या पुलावरून सह्याद्रीत उतरले. दुसरे म्हणतात, हिमयुगात मधला प्रदेशही थंड होता, नंतर तो तापला आणि ही झाडं उंच शेंड्यांवर अडकून राहिली, पूर ओसरल्यावर डबक्यात मासे राहतात तशी. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं, पण माझं शिक्षण बी. ए. पर्यंतचं.

पाच-सहा वर्षांपूर्वी उटीला दोड्डबेट्टाच्या रस्त्याला मी ही झाडं पाहिली होती. तेव्हा नाव ठाऊक नव्हतं. बुटकी, वाकड्या खोडाची, सालीवर शेवाळ, अंगावर ढग घेऊन उभी. दोड्डबेट्टाची उंची २६३७ मीटर. आपलं कळसूबाई महाराष्ट्रातलं सर्वांत उंच, ते १६४६. म्हणजे जिथं या झाडाची हद्द सुरू होते तिथं आपला सगळा सह्याद्री संपतो. उंचीचं एक वेळ बाजूला ठेवू. महाबळेश्वरला जांभ्याची आंबट लाल माती आहे, पाऊस तर म्हणाल तेवढा. पण तो चार महिन्यांत पडून जातो आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे. निलगिरीला दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो, शिवाय धुकं. महाबळेश्वरच्या रानाने ही जागा अंजनीला दिली आहे. तीही सदाहरित आणि उन्हाळ्यात फांद्यांना जांभळ्या-निळ्या फुलांचे झुबके येतात. लाल बुरांशाची हौस निळ्या अंजनीवर भागवायची माझी तयारी आहे, पण तिलाही काळी माती सोसणार नाही.

हे झाड साहेबाच्या देशात गेलं त्याची एक गोष्ट मात्र आम्हा उसवाल्यांना आवडण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे नथॅनिएल वॉलिच यांनी बुरांशाचं बी इंग्लंडला पाठवलं. बी धुळीसारखं बारीक, महिनोन्‌महिन्यांचा समुद्रप्रवास, दमट हवा. त्यांनी ते ब्राउन शुगरच्या डब्यात घालून पाठवलं आणि ते टिकलं. तिथल्या बागांत या लाल रक्ताचे शेकडो संकर झाले. पुढे जोसेफ हूकरने १८४८ ते १८५० सिक्कीम पालथं घालून आणखी जाती नेल्या आणि वेड वाढतच गेलं. साखरेने बुरांशाला तारल्याचा हा एक दाखला. सांगवीत मात्र उलटं झालं.

आमच्या गल्लीतली एक मुलगी अमेरिकेत सिॲटलला असते. वॉशिंग्टन राज्याचं राज्यफूल ऱ्होडोडेंड्रॉनच आहे, तिथला गुलाबी. वहिनींचं रोप गेल्याचं कळल्यावर तिने तिच्या भाड्याच्या घराच्या परसातला फोटो पाठवला: घराच्या छपराला टेकलेला ऱ्होडोडेंड्रॉन, अंगभर फुललेला. खाली ओळ: "काकू, मी याला काहीच करत नाही. पाणीसुद्धा घालत नाही." वहिनी दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. आणि ब्रिटन-आयर्लंडात तर याच कुळातली जांभळ्या फुलांची एक जात इतकी माजलीय की सरकार पैसे खर्चून ती उपटतंय.

तरीही कुणाला हौस असेलच, तर त्याला माझं सांगणं स्पष्ट आहे. जमिनीत लावू नका. बुरांशाच्याच प्रजातीतली अझेलिया थंडीत शहरातल्या रोपवाटिकांत फुललेली मिळते. ती कुंडीत करून पाहा. कुंडी मातीची किंवा प्लॅस्टिकची घ्या, सिमेंटची नको, तिच्यातून चुना झिरपतो. पुण्याच्या पश्चिमेकडची लाल माती, नारळाचा भुसा आणि आंब्याच्या पानांची जुनी कुज. काळ्या मातीचा कण नको, शेणखतही बेतानेच. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. चुन्याने रंगवलेल्या भिंतीपासून लांब. पावसाचं पाणी टाकीत धरून ठेवा आणि पुरवून वापरा, एसीचं पाणीही चालेल. घरात शेळी-गाय असेल तर पानं त्यांच्या तोंडी लागू देऊ नका, या कुळाची पानं जनावरांना विषारी असतात. एवढं सगळं करूनही मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर पारा गेला की काय होईल हे मी सांगू शकत नाही असं नाही; सांगवत नाही.

बाकी रोपवाटिकेत फुललेलं रोप बघून हात सैल सोडणं हा आपल्या सगळ्यांचाच रोग आहे. उरुळी कांचन, लोणीच्या रस्त्याला गाडी थांबली की डिकी भरल्याशिवाय सुटत नाही. रोप येतं ते त्याच्या मुलखातली मातीची हुंडी घेऊन. काही महिने ते त्या शिदोरीवर जगतं आणि आपल्याला वाटतं, लागलं. शिदोरी संपून मुळं आपल्या मातीत शिरली की खरी परीक्षा. वहिनींच्या बुरांशानेही पहिला पावसाळा असाच काढला होता.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

निलगिरीच्या त्या झाडाला तिथले लोक काय म्हणतात, हे शोधताना एक नाव सापडलं: काट्टुपूवरसु. काट्टु म्हणजे रानातला. पूवरसु म्हणजे फुलांचा राजा. पण तमिळ-मल्याळममध्ये पूवरसु हे एका ठरावीक झाडाचं नाव आहे. म्हणजे निलगिरीवर चढलेल्या माणसांनी बुरांश पाहिला आणि म्हटलं, हा तर आपला रानातला पूवरसु. पूवरसु कोणता, म्हणून पाहिलं तर ते निघालं भेंडीचं झाड. भाजीची भेंडी नव्हे. भेंड, कुणी त्याला पारोसा पिंपळ म्हणतात. पिंपळासारखं बदामी पान, पण टोकाला पिंपळाची लांब शेपटी नाही. मुंबईच्या भेंडी बाजाराचं नाव या झाडांवरूनच पडलं असं एक मत आहे.

हे झाड मुळचं समुद्रकाठचं. खाऱ्या पाण्यात पाय घालून उभं राहायची त्याला सवय. खारट जमीन सोसतं, चुना सोसतं, ऊन सोसतं. बारमाही हिरवं, गर्द सावलीचं. लाकूड इतकं चिवट की पूर्वी बैलगाडीच्या कामाला वापरत. फूल सकाळी उमलतं तेव्हा लिंबासारखं पिवळं, आत गडद तांबडा डोळा. संध्याकाळपर्यंत ते केशरी-तांबूस होतं आणि गळून पडायच्या आधी जांभळट लाल. एकाच फांदीवर कालचं लाल आणि आजचं पिवळं शेजारी शेजारी दिसतात.

मी वहिनींना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तिकडची माणसं बुरांशाला आपल्या भेंडीचं नाव देतात, आणि आपण भेंडी सोडून बुरांश आणायला गेलो." मी म्हटलं, तसंच काहीसं. "भेंडी तर ओढ्याला आहे की, पुलाच्या अलीकडं. लहानपणी त्याच्या फळांचे भोवरे करायचो आम्ही."

गेल्या आषाढात दादाने ओढ्यावरच्या त्या भेंडीची मनगटाएवढी फांदी तोडून आणली. बुरांशाच्याच खड्ड्यात रोवली, काही न घालता. विहिरीचंच पाणी. पंधरा दिवसांत डोळे फुटले. यंदा ती दादाच्या डोक्याच्या वर गेली आहे आणि श्रावणात तिला पहिली सात फुलं आली. बुरांशाचा लाल तो नाही, हे वहिनींनी सर्वांत आधी बोलून दाखवलं. पण संध्याकाळी दिवा लावायला बाहेर आल्या की झाडाखाली जाऊन रंग कितपत चढला ते पाहतात.

कुणाला फांदी हवी असेल तर पुढच्या आषाढात सांगवीला या. बारामतीहून फलटणच्या रस्त्याने, नदीच्या अलीकडची सांगवी. पावसाळा संपल्यावर येऊ नका. तेव्हा दादा झाडाला हात लावू देत नाही.